दगडी डोळ्यांचा पाहुणा

ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री प्राणी, आता दगडातला जीवाश्म. खानदेशात तो एकाच वाटेने येतो, कुणाच्या तरी पिशवीतून. कुणी मोरोक्को फिरून आलेलं असतं, कुणी मुंबईतल्या प्रदर्शनात घेतलेला असतो, कुणी घरबसल्या मागवलेला. मग तो टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये जाऊन बसतो. येणारा-जाणारा हातात घेऊन उलटापालटा करतो आणि विचारतो, "हाऊ दगड शे का किडा?" प्रश्न भाबडा वाटतो, पण या प्राण्यापुरती दोन्ही उत्तरं खरी आहेत. तो जिवंत होता तेव्हाही दोन्ही खरी होती.

आधी जमिनीचा हिशोब. समुद्रातले हे संधिपाद प्राणी खडकांत पहिल्यांदा दिसतात सुमारे ५२ कोटी १० लाख वर्षांपूर्वी आणि संपतात सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी. तसं पाहिलं तर ते एका दिवसात गेले नाहीत. डेव्होनियन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच, त्यांची बहुतेक घराणी बुडाली होती आणि शेवटी प्रोएटिडा हा एकच गण उरला होता. आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. शेवटचा ट्रायलोबाइट मेल्यावर १८ कोटींहून अधिक वर्षं गेली, तेव्हा कुठे आपल्याकडे लाव्हा वाहू लागला. धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या सरळ जाणाऱ्या काळ्या टेकड्या दिसतात, त्या याच काळात भेगांमधून वर चढलेल्या लाव्हाच्या पट्ट्या. तापीकाठची गाळाची जमीन तर याहून कितीतरी तरुण. तेव्हा विहीर कितीही खोल न्या, आधी माती लागेल, मग मुरूम, मग काळा कातळ. ट्रायलोबाइट लागणार नाही.

"लाव्हाने जाळून टाकले असतील" हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. जाळायला ते उरलेच नव्हते. शिवाय ज्वालामुखी दरवेळी जाळतोच असंही नाही. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातले, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचे काही ट्रायलोबाइट २०२४ साली प्रसिद्ध झाले. समुद्रात कोसळलेल्या गरम राखेने त्यांना क्षणात गाडलं होतं, आणि राख लगेच कडक झाल्यामुळे मिशा, पाय, तोंडाजवळचे भागसुद्धा जसेच्या तसे राहिले. राख बारीक असते, ती साच्यासारखी प्रत्येक खाचेत शिरते. आपल्याकडचा बसाल्ट हा हजार अंशांच्या वर तापलेला रस. त्यात साचा कसला उठणार!

समुद्री जीवाश्म हवेच असतील तर सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाघकडे जावं लागतं. तिथल्या चुनखडीत शिंपले, समुद्री साही असा ऐवज मिळतो, पण तो क्रिटेशस काळातला, म्हणजे ट्रायलोबाइटनंतरचाच. भारतातले खरे ट्रायलोबाइट हिमालयात आहेत: स्पितीतलं पाराहिओ खोरं, काश्मीर, गढवालमधल्या ताल गटाच्या खडकांत रेडलिचिया नावाचा ट्रायलोबाइट. राजस्थानात नागौरच्या वालुकाश्मात प्राणी नाही, पण ज्यांचा कर्ता सहसा ट्रायलोबाइटच मानला जातो अशा चालण्या-उकरण्याच्या खुणा आहेत, दोन समांतर ओळींत आडव्या ओरखड्यांच्या. पावसानंतर ओल्या काळ्या मातीवर गोम गेल्यावर राहते तशी वाट, फक्त दगडात.

शोकेसमधला दगड आता हातात घ्या. नाव ट्रायलोबाइट, म्हणजे तीन पाळ्यांचा. हे नाव १७७१ मध्ये योहान वाल्ख या जर्मन अभ्यासकाने दिलं. तीन पाळ्या म्हणजे डोकं, धड आणि शेपूट, असं दहापैकी आठ जण समजतात, आणि मुलांच्या तक्त्यांवरही कधीकधी तसंच छापलेलं असतं. ते चूक आहे. डोकं, धड, शेपूट हे आडवे भाग आहेतच, पण नाव पडलं उभ्या भागांवरून: मधला उंच कणा आणि त्याच्या दोन बाजूंना उतरत्या छपरासारख्या दोन पाळ्या. कौलारू घराचं आढं आणि दोन पाखी डोळ्यांसमोर आणा. याच्याही आधी, १६९८ मध्ये, एडवर्ड लुइड या निसर्गअभ्यासकाने वेल्समध्ये सापडलेल्या एका ट्रायलोबाइटचं चित्र काढलं आणि त्याला चपटा मासा ठरवलं. हसू नये. कणा आणि दोन्हीकडे फासळ्या दिसल्यावर आपल्यालाही दुसरं काय आठवलं असतं?

मग धडाची वळी मोजायची. डोक्याची ढाल आणि शेपटीची ढाल सोडून मधली, एकमेकांवर सरकणारी वळी तेवढीच धरायची. शेपटीवरही आडव्या रेषा असतात, पण ती वळी एकजीव झालेली असतात. तिथे मोजणी हमखास चुकते. वळी आहेत की नुसत्या रेषा हे बघायला बाजूची टोकं पाहावीत: सुट्ट्या वळीचं टोक मोकळं सुटतं, शेपटीच्या ढालीला बहुधा सलग कड असते. पूर्ण वाढलेल्या प्राण्यात हा आकडा जातीगणिक ठरलेला. फॅकॉप्सला ११, अमेरिकेतल्या युटाहून ढिगाने येणाऱ्या एल्राथियाला १३, आयसोटेलसला ८, आणि बाजरीच्या दाण्याएवढ्या ॲग्नोस्टिडना फक्त २. विकणाऱ्याने फॅकॉप्स म्हणून दिला आणि वळी १४ भरली, तर निदान नाव तरी खोटं आहे.

यातला बराचसा माल मुळात प्रेतंच नव्हेत. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकायचा, खेकडा आणि झिंगा टाकतो तशी. एक प्राणी आयुष्यात अनेक कवचं मागे सोडणार आणि स्वतः एकदाच मरणार, त्यामुळे खडकात कवचांचाच भरणा जास्त. ओळखायचं कसं? पुष्कळ जातींत डोक्याच्या ढालीवर डोळ्याला लागून एक शिवण जाते. कात टाकताना ती उसवते, दोन्ही गाल सुटे होतात आणि त्या फटीतून प्राणी पुढे सरकत बाहेर पडतो. तेव्हा धड शाबूत पण गाल गायब, असा नमुना दिसला की ती बहुतेक कात. फॅकॉप्समध्ये ही शिवण मिटलेली असते, तो अख्खं डोकंच टोपीसारखं उतरवतो. म्हणून धडापाशी उलटं पडलेलं डोकं हीसुद्धा कातेचीच खूण. गोळा होऊन बसलेला, शेपूट डोक्याखाली दाबलेली, असा मिळाला तर मात्र आत प्राणी होता. रिकामं कवच स्वतःहून गोळा होत नाही. पावसाळ्यात ओसरीवर आलेल्या पैशाला काडी लावली की तो वेटोळं करतो, तसाच भित्रेपणा. फक्त पैशाचं वेटोळं जिलेबीसारखं चपटं आणि ट्रायलोबाइटची गोळी लिमलेटसारखी.

कवच उरतं, पाय क्वचितच उरतात. कवचात कॅल्साइट असायचं, पायांत नाही, एवढंच त्याचं कारण. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका थरात मात्र पायांच्या जागी पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज भरलं, आणि ट्रायआर्थ्रस या जातीचे पाय, मिशा सगळं राहिलं. प्रत्येक पायाला दोन फाटे: खालचा चालायला, वरचा पिसासारखा.

आणि डोळे. सगळ्या प्रकरणात मला अडकवून ठेवणारी गोष्ट हीच, त्यामुळे इथे थोडं बसू.

ट्रायलोबाइटच्या डोळ्यातली भिंगं कॅल्साइटची मानली जातात. मेल्यावर दगड झाली असं नाही, जिवंतपणीच खनिजाची. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या जीवाश्म माश्यांच्या डोळ्यांवरून काही संशोधकांनी शंका काढली, की हे कॅल्साइट नंतर गाळात भरलं असेल आणि मूळ भिंगं मऊ असतील. वाद अजून मिटलेला नाही. तरी कॅल्साइटचं भिंग करण्यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे, आणि ती समजून घ्यायला खानदेशासारखी जागा नाही. ट्रायलोबाइट इथे नाही, पण त्याच्या डोळ्याचं द्रव्य इथल्या खदानीत पडलेलं असतं.

बसाल्ट थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं आणि झिओलाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ असे स्फटिक धरले. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचं नाव अपोफिलाइटसाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. गावात या सगळ्याला एकच शब्द, गारगोटी. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिच्यावर खिळ्याने चरा पडत नाही. कॅल्साइटवर सहज पडतो. कॅल्साइट फोडलं की कितीही बारीक केलं तरी तिरक्या चौकोनी ठोकळ्यांतच फुटतं, बाजूच्या पृष्ठांचे कोन साधारण ७८ आणि १०२ अंशांचे. चुऱ्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात, झिओलाइटच्या चुऱ्यावर येत नाहीत. (खडी क्रशरच्या खदानीत मालकाला विचारूनच जावं, आणि सुरुंगाची वेळही विचारून घ्यावी.)

दोनेक सेंटिमीटर जाडीचा, आरपार दिसणारा ठोकळा मिळाला की तो वर्तमानपत्रावर ठेवा. खालचं अक्षर दोनदा दिसेल, एकमेकांपासून सुमारे दोन मिलिमीटर सरकलेलं. अंतर जाडीच्या साधारण नवव्या हिश्शाइतकं पडतं. त्यामुळे ठोकळा पातळ असेल तर प्रतिमा एकमेकींवर चढतात आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. आता ठोकळा कागदावरच हळू फिरवा. एक प्रतिमा जागेवर राहते, दुसरी तिच्याभोवती फिरते. प्रकाशाचा किरण आत शिरताच दोन वाटांनी जातो, त्याचा हा परिणाम. डेन्मार्कच्या बार्थोलिन या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. ज्या पदार्थातून एका मिशीच्या दोन मिशा दिसतात, त्याचा डोळा करणं म्हणजे आफतच की!

पण कॅल्साइटमध्ये एक दिशा अशी आहे की तिच्यातून पाहिलं तर प्रतिमा एकच दिसते. ठोकळ्याला आठ कोपरे असतात. त्यांतल्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तिन्ही कोन बोथट, १०२ अंशांचे असतात. या बोथट कोपऱ्याच्या तिन्ही कडांशी सारखा कल ठेवून आत जाणारी दिशा, तीच ती. करून बघायचं असेल तर हे दोन्ही कोपरे ओल्या पॉलिश पेपरवर घासून त्यांची लहान त्रिकोणी सपाट तोंडं करायची: आधी २२०, मग ४००, ८००, १२०० नंबर. दाब दिला तर कड ढलपीसारखी उडते, म्हणून पाणी भरपूर आणि हात हलका. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या आल्या नाहीत तर तोंड कलतं झालं, प्रतिमा पुन्हा दोन दिसणार. चकाकी आली नाही तरी हरकत नाही. तोंडावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवली की धूसरपणा जातो. आता त्रिकोणातून सरळ खाली पाहा. अक्षर एकच.

ट्रायलोबाइटने हेच केलं होतं. त्याच्या प्रत्येक भिंगात स्फटिकाची ही दिशा भिंगाच्या पृष्ठाला काटकोनात, म्हणजे पाहण्याच्या दिशेनेच लावलेली सापडते. डोळा फुगीर, त्यामुळे शेजारच्या भिंगाची दिशा जराशी वेगळी, त्याच्या शेजारची आणखी वेगळी. बहुतेक जातींत बारीक षट्कोनी भिंगं मधमाशीच्या पोळ्यासारखी एकमेकांना खेटून, काहींत हजारोंनी. फॅकॉप्सच्या घराण्यात मात्र भिंगं मोठी, गोल आणि सुटी, मध्ये कवचाच्या भिंती. साध्या भिंगातून दिसतात. हे सगळं कात टाकताना गमवायचं आणि पुन्हा नव्याने बांधायचं. मोरोक्कोच्याच डेव्होनियन खडकांतल्या एर्बेनोकाइल या जातीला तर मनोऱ्यासारखे उभे डोळे आणि वर पागोळीसारखी कड आहे, वरून येणारा उजेड अडवायला. भर उन्हात कपाळावर हात धरून रस्त्याच्या टोकाला येणारी एसटी पाहणाऱ्या माणसाला ही सोय वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

डोळे कळले की नकली ओळखणं सोपं होतं. मोरोक्कोत एर्फूद, अल्निफ या गावांच्या आसपास ट्रायलोबाइट काढणं आणि साफ करणं हा पोटापाण्याचा धंदा आहे. अस्सल कारागीर तिथे आहेत, आणि साच्यातून रेझिनचे किडे ओतणारेही आहेत. जळगावच्या सराफाकडे असतं तसलं दहापट भिंग घ्यायचं आणि आधी डोळा पाहायचा. फॅकॉप्सच्या डोळ्यात सुटी भिंगं नीट ओळींत दिसली पाहिजेत. गुळगुळीत फुगवटा असेल किंवा सुईने टोचल्यासारखी वेडीवाकडी भोकं असतील तर दगड खाली ठेवा. मग पृष्ठभाग: अगदी बारीक, गोल खड्डे म्हणजे ओतताना अडकलेली हवा. किड्याभोवती दगडापेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी फिरत असेल तर तो आणून चिकटवलेला. एकाच फरशीवर सारख्याच मापाचे पाच-सहा असतील तर त्यांच्यातलं एखादं व्यंग शोधा. सगळ्यांच्या डाव्या गालाला तोच टवका असेल तर सगळे एकाच साच्यातले.

एक खूण उलटी आहे, आणि तिथे गिऱ्हाईक फसतं. दगडातून गेलेली चीर किड्यातूनही गेलेली आणि पुन्हा सांधलेली दिसली की लोक "तुटलेला आहे" म्हणून परत ठेवतात. खडक हातोड्याने फोडल्याशिवाय आत काही आहे हे कळतच नाही, त्यामुळे अस्सल नमुना बहुतेक वेळा फुटूनच बाहेर येतो. चीर हा जन्मदाखला समजावा. चीर दगडातून येऊन किड्याच्या कडेशी थांबली, तर मात्र संशय धरावा.

आम्लाच्या चाचणीवर भिस्त ठेवू नये. अस्सल कवच फसफसतं हे खरं, पण रेझिनमध्ये चुनखडीचा चुरा कालवला की तेही फसफसतं, आणि अस्सल असेल तर तुम्ही त्याचा डोळा विरघळवून बसता. तापवलेली सुई खालच्या बाजूला, कडेला टेकवणं बरं: रेझिन असेल तर डाग पडतो आणि प्लास्टिक जळल्याचा वास येतो. ॲसिटोनचा बोळा फिरवला की काळा रंग किंवा पॉलिश निघतं, मात्र सांध्यावर फिरवायचा नाही. खरेखुरे सांधेही ॲसिटोनने सुटतात, मग हातात दोन तुकडे.

खानदेशातला उन्हाळा हा याला जोडूनचा विषय. जीवाश्म सांधायला जगभर पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक वापरतात. उत्तम वस्तू, पण साधारण ४० अंशांना ती नरम पडू लागते. थंड देशात बसून लिहिलेल्या सूचनांत हा आकडा कुणाला बोचत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात त्याहून वर. उभा ठेवलेला नमुना स्वतःच्याच वजनाने सांध्यात सरकतो. म्हणून एप्रिल ते जून आडवा ठेवायचा, खालच्या कप्प्यात, भिंतीला न टेकता. पावसाळ्यात दुसरी काळजी, पण ती फक्त पायराइटवाल्या नमुन्यांची. दमट हवेत पायराइटचं आम्ल होतं, पांढरट पूड धरते, गंधकासारखा वास येतो, आणि सुरू झालेली कीड मागे फिरत नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की पुडी गरम करून पुन्हा कोरडी करायची.

आणि डब्यात खाली कापूस घालू नये. तो ओल धरून ठेवतो, आणि त्याचे धागे कवचाच्या काट्यांत अडकून उचलताना टोकं मोडतात. त्याऐवजी साधा, मऊ टिश्यू कागद चुरगळून घालावा. कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण इलाज नाही.